टाकीपासून जेटपर्यंत : सोलापुरातील दुचाकीदुरुस्तीचा इतिहास

जुन्या मोटारसायकलींत टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवायला पंप नसे. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मधे एक कॉक आणि वीतभर रबरी नळी. पेट्रोल आपल्या वजनाने उतरे, कार्बोरेटरच्या वाटीत साठे आणि इंजिनाने ओढलेल्या हवेबरोबर पितळी जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाई. सोलापूरच्या रस्त्यांवर ही रचना साठ-सत्तर वर्षे टिकली. या काळात गाड्यांची नावे बदलली, काही कंपन्या आल्या आणि बंदही पडल्या, पण इंधनाचा बिघाड शोधण्याची मेकॅनिकची वाट तीच राहिली : टाकीच्या झाकणापासून सुरुवात करायची आणि पेट्रोल जसे उतरते तसे आपणही जेटपर्यंत उतरायचे. बदलत गेले ते पेट्रोल. प्रत्येक काळातल्या पेट्रोलने आपापले बिघाड आणले, म्हणून या व्यवसायाचा इतिहास त्या बिघाडांच्या क्रमानेच नीट सांगता येतो.

नवी पेठ ही सोलापूरची गजबजलेली बाजारपेठ. दत्त चौक आणि पार्क चौकाच्या परिसरातल्या या पेठेत कापड आणि तयार कपड्यांच्या दुकानांची दाटी आहे, रस्ते अरुंद आहेत, आणि गिऱ्हाईक, दुकानदार, दुकानातला कामगार असे सगळे दुचाकीवरच येतात. दुकानांसमोर लावलेल्या ‘एमएच १३’ क्रमांकाच्या गाड्यांच्या रांगा हे पेठेचे रोजचे चित्र. याच भागातल्या एका चौकाला मेकॅनिक चौक म्हणतात. कापडगिरण्यांच्या काळात सोलापूर हे पायी चालणाऱ्यांचे आणि सायकलींचे शहर होते. तिन्ही पाळ्यांचे कामगार भोंग्यावर निघत आणि सायकलदुरुस्तीची दुकाने गल्लोगल्ली असत. पाना-पक्कड हाताळणारी माणसे शहरात होतीच. मोटारसायकल आली तेव्हा तिच्या दुरुस्तीला नव्याने शिकण्याजोगे जे होते त्यात कार्बोरेटरचा वाटा मोठा होता, कारण सायकलीत त्याच्यासारखे काहीच नव्हते.

सुरुवातीच्या मोटारसायकली इंग्रजी होत्या आणि मोजक्या लोकांकडे होत्या : बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस. त्यांतल्या बहुतेकींवर ॲमल कंपनीचा कार्बोरेटर असे. ॲमल ही १९२७ मध्ये तीन इंग्रजी कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन झालेली कंपनी. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, बुलेट देशात बनू लागली आणि तिच्याबरोबर ॲमल गावोगावी पोहोचला. १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा आली. ही पुढे १९७३ पासून येझदी झाली. तिच्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या घडणीचा जिकोव्ह कार्बोरेटर होता. १९६० च्या दशकातच एस्कॉर्ट्सची राजदूतही बाजारात उतरली आणि पुण्याच्या बजाज ऑटोने व्हेस्पा स्कूटर बनवायला घेतली. तीन-चार जातींच्या गाड्या आणि तीन-चार जातींचे कार्बोरेटर, एवढ्यावर एका मेकॅनिकचे सगळे ज्ञान उभे राहू शकत होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे हातातली गाडी टिकवण्याला पर्याय नव्हता. सुटे भाग मिळणेही कठीण होते. दुरुस्ती या शब्दाला त्या काळात पूर्ण अर्थ होता : बिघडलेला भागच पुन्हा नीट करायचा.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पितळी फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत हा पोकळ गोळा पेट्रोलवर तरंगतो. पातळी वर आली की तो निडल वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो, पातळी उतरली की पुन्हा उघडतो. या फ्लोटला सुईच्या टोकाएवढी भेग पडली की आत पेट्रोल शिरते, फ्लोट जड होऊन बुडतो, निडल बंदच होत नाही आणि कार्बोरेटर वाहू लागतो. ‘गाडी ओव्हर होते’ ही तक्रार येते ती अशी. मेकॅनिक फ्लोट कानाशी धरून हलवे. आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येई. मग तो गरम पाण्यात बुडवायचा. आतल्या पेट्रोलची वाफ होऊन बाहेर पडू लागली की बुडबुड्यांची बारीक साखळी दिसे, आणि भेग कुठे आहे ते कळे. आतले पेट्रोल पूर्ण काढून टाकल्यावरच कथलाचा डाग द्यायचा, कारण वाफ आत राहिलेल्या फ्लोटला तापलेली कय्या लावणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. डागही अगदी थोडा द्यायचा. कथील जास्त झाले की फ्लोटचे वजन वाढते आणि वाटीतली पातळी कायमची चढी राहते. एवढ्याशा कामात पदार्थविज्ञानाचे दोन-तीन नियम पाळावे लागत, आणि ते पाळणाऱ्या अनेकांनी ते पुस्तकात कधी वाचलेले नव्हते.

बिघाड शोधण्याचा क्रम मेकॅनिकांच्या या पिढीने पक्का केला. पहिली पायरी कार्बोरेटरकडे न वळण्याची होती. गाडी मिसिंग मारते म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत दोष प्लग, पॉइंट किंवा कंडेन्सरचा निघे. म्हणून आधी प्लग काढून त्याची ठिणगी पाहायची आणि त्याच हाताने प्लगचा रंग वाचायचा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे मिश्रण बरोबर. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, भाजल्यासारखा रंग म्हणजे पेट्रोल कमी. किका मारूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल येतच नाही आणि ओला निघाला तर ते येते, पण जळत नाही. इंधनाची बाजू आणि विजेची बाजू इथेच वेगळी होते, आणि पुढचा तास वाचतो.

त्यानंतर टाकीचे झाकण. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असते. सोलापूरची धूळ आणि पॉलिशचे थर यांनी ते बुजते. पेट्रोल उतरत जाते तशी टाकीत पोकळी वाढते आणि काही किलोमीटरनंतर पेट्रोल उतरणे थांबते. गाडी बंद पडते, दहा मिनिटांनी काही दुरुस्ती न करताच सुरू होते, आणि पुन्हा तेच. पेठेतल्या पेठेत फिरताना हा दोष कळतच नाही. तुळजापूर किंवा पंढरपूरच्या रस्त्यावर तो हमखास उघडा पडतो. झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज झाला की निदान पूर्ण होते आणि औषध एका टाचणीचे असते. कार्बोरेटर खोलून, धुऊन, जोडून दिलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष या भोकात होता, म्हणून इंधनाची बाजू तपासताना जाणते मेकॅनिक तिथूनच सुरुवात करण्याचा आग्रह धरत.

झाकणानंतर कॉक. त्यात दोन नळ्या असतात, एक उंच आणि एक तळाशी. उंच नळीखालचे पेट्रोल म्हणजे रिझर्व्ह. पेट्रोल हलके आणि पाणी जड, त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी, गंज आणि गाळ तळाशी बसतो आणि रिझर्व्हला लावताच खाली येतो. नेहमी रिझर्व्हवर चालणाऱ्या गाडीत कचरा वारंवार येतो तो यामुळे. नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडायचे : धार सरळ आणि सलग पडली तर टाकी व कॉक निर्दोष, तुटक पडली तर जाळी तुंबलेली. बाटली थोडा वेळ ठेवली की तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. इथपर्यंत कार्बोरेटरचा एकही स्क्रू फिरवलेला नसतो.

मग कार्बोरेटर. त्यात वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे मार्ग असतात, आणि गाडी कुठल्या वेगाला अडते यावरून कुठला मार्ग तुंबला ते कळते. चालू होते पण उभी राहत नाही, म्हणजे संथ चालीचा पायलट जेट. मधल्या वेगात धक्के देते, म्हणजे स्लाइडला लटकलेली निडल किंवा झिजलेला निडल जेट. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर दम तुटतो, म्हणजे मेन जेट किंवा वरून येणारा पुरवठा. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे : जेट तुंबलेला आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून हवा शिरते आहे. चोक ओढल्यावर बिघडली तर मिश्रण आधीच दाट आहे. हवा शिरत असल्याचा संशय असेल तर चालू गाडीच्या जोडावर तेलाचे दोन थेंब सोडायचे. आवाज बदलला की जागा सापडली. मिश्रणाच्या स्क्रूबाबतही अशीच खूण आहे. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो आणि आत फिरवल्यास मिश्रण दाट होते, इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोलचा आणि परिणाम उलटा. हा फरक न ओळखता केलेले ट्युनिंग गाडीला आणखी बिघडवते.

जेट साफ करण्याची रीत हा या व्यवसायातला सर्वांत जुना वाद. जेटवर छापलेला आकडा त्याच्या छिद्राचे माप किंवा त्यातून जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण सांगतो, आणि हे छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेले असते. ब्रेकच्या केबलची पोलादी तार त्यातून फिरवली की कचरा निघतो, पण पितळही खरवडले जाते. दोन-चार वर्षे अशी साफसफाई झाली की जेटवरचा आकडा खोटा ठरतो, गाडी काळा धूर देऊ लागते आणि एव्हरेज उतरते. तोंडाने किंवा पंपाने हवा मारणे आणि फार तर नायलॉनचा तंतू फिरवणे एवढेच योग्य. गिऱ्हाइकाला समोर घाण निघालेली पाहायची असते आणि तार ती पटकन काढते, म्हणून चुकीची रीत फोफावली. जुन्या कार्बोरेटरांच्या आयुष्याला कचऱ्याने केले नसेल एवढे नुकसान या तारेने केले आहे.

सोलापूरच्या हवेने या सगळ्यात स्वतःची भर घातली. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या बराच वर जातो. उन्हात लावलेल्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, पिवळसर थर राहतो. पायलट जेट सर्वांत बारीक म्हणून आधी तोच बुजतो. महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीची किक व्यर्थ जाते ती या थरामुळे. तापलेल्या इंजिनाला चिकटून गेलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. ओले फडके नळीवर ठेवून गाडी चालू करणे हा त्यावरचा रस्त्यावरचा उपाय होता, आणि नळी इंजिनापासून दूर वळवणे हा कायमचा. कोरडवाहू मुलखातली धूळ हवेच्या फिल्टरमध्ये भरली की मिश्रण दाट होते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. फिल्टर काढून गाडी चालवून पाहणे ही परीक्षा सोपी आहे, पण फिल्टर काढूनच गाडी वापरत राहणे सिलिंडरच्या जिवावर उठते.

१९७० आणि ८० च्या दशकांत टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली, त्याच सुमारास बजाज चेतक, पुढे टीव्हीएस ५०. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, शेकडा दोनपासून पाच-सहा भागांपर्यंत, गाडीनुसार. पंपावर तेल अंदाजाने ओतले जाई आणि टाकी हलवून मिसळले जाई. नीट मिसळले नाही तर तेल तळाशी जाई आणि पहिल्या किकेला कार्बोरेटरमध्ये उतरे. जास्त झाले तर प्लग काळा, सायलेन्सर कार्बनने भरलेला. कमी झाले तर पिस्टन सीझ. मिश्रण पातळ होण्याची आणखी एक वाट या इंजिनांत होती : क्रँकच्या टोकांवरच्या सीलमधून शिरणारी हवा. थ्रॉटल सोडल्यावरही आवाज चढाच राहतो, कार्बोरेटर कितीही जुळवला तरी उतरत नाही. दोन-दोन कार्बोरेटर बदलूनही गुण न आलेल्या गाड्यांत शेवटी दोष या सीलचा निघत असे. तो ओळखणे ही अनुभवी हाताची खरी परीक्षा होती.

याच काळात भेसळ वाढली. रेशनच्या रॉकेलचा भाव पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा मोह देशभर होता. ओळख पटावी म्हणून सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. रॉकेल पेट्रोलएवढे सहज उडत नाही. थंड इंजिनात ते जळत नाही, प्लग ओला राहतो, चढावर इंजिन खडखडते, धूर डोळ्यांना झोंबतो. मेकॅनिक बोटांवर पेट्रोल घेऊन पाही : शुद्ध पेट्रोल गारवा देऊन उडते, भेसळीचे बोटांवर तेलकट राहते. पंपावर फिल्टर पेपरची जी परीक्षा होते तिचे तत्त्व हेच. कागदावर थेंब टाकला आणि तो वाळल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक. ग्राहकाला ही परीक्षा मागण्याचा हक्क आहे, आणि घनता तपासून घेण्याचाही. इंधनाचा दोष गाडीवर आणि गाडीचा दोष मेकॅनिकवर ढकलला जाण्याचा तो काळ होता.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या : इंड-सुझुकी, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. त्यांच्याबरोबर मिकुनी आणि केहिन घडणीचे कार्बोरेटर आले. पुढे बुलेटनेही ॲमल सोडून मिकुनी धाटणीचा मिकार्ब घेतला. हे कार्बोरेटर नेमके होते, झीज कमी होती, फ्लोट बहुधा प्लास्टिकचा होता. तो फुटला तर डाग देता येत नाही, बदलावाच लागतो. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडी कायमचा बसला, आणि एव्हरेज वाढवण्यासाठी मेकॅनिक स्क्रू आवळू लागले, लहान जेट घालू लागले. मिश्रण गरजेपेक्षा पातळ केलेले इंजिन चार दिवस पेट्रोल वाचवते, मग तापते, पिकअप घेत नाही आणि वाचलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त पैसे इंजिनाच्या कामात घालवते. जुळवणीचे अगदी छोटे काम निडलवरच्या क्लिपचे आहे : क्लिप एक घर खाली घेतली की निडल वर उचलली जाते आणि मधल्या वेगाचे मिश्रण दाट होते. एव्हरेजच्या हव्यासात ही क्लिप बहुतेक गाड्यांत सर्वांत वरच्या खाचेत जाऊन बसली.

फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडल्या. सुटे भाग मुबलक झाले, अस्सल आणि नकली दोन्ही. कार्बोरेटर खोलून दोष शोधण्याच्या वेळेची मजुरी आणि नव्या नकली कार्बोरेटरची किंमत यांतले अंतर मिटत गेले. तरुण मेकॅनिकने पूर्ण कार्बोरेटर बदलण्याचा मार्ग धरला, आणि त्याला दोष देता येत नाही. पण झाकणाचे भोक बुजलेल्या गाडीला नवा कार्बोरेटर लावून काहीच होत नाही. क्रम विसरला की पैसे वाया जातात, एवढे या बदलाने पुन्हा पुन्हा दाखवून दिले.

सध्याचा टप्पा इथेनॉलचा आहे, आणि सोलापूरसाठी तो घरचा आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर मोडतो. माळशिरस, माढा, पंढरपूर या तालुक्यांतला ऊस इथेनॉलच्या रूपाने टाकीत येतो. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा विचार जुनाच. १९४८ मध्ये त्यासाठी पॉवर अल्कोहोल कायदाही झाला होता. प्रत्यक्ष ५ टक्के मिश्रण महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ पासून सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रण पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले.

जुन्या गाडीवर त्याचे तीन परिणाम होतात. इथेनॉल पाणी शोषते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी जमते. दुसरा परिणाम रबरावर : जुन्या नळ्या, कॉकची बुचे, फ्लोटच्या निडलचे टोक आणि गास्केट फुगतात किंवा ठिसूळ होतात, आणि जुन्या बुचाच्या फ्लोटवरचा चपड्याचा लेप विरघळतो. तिसरा मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे जुन्याच जेटमधून नवे इंधन गेले की इंजिनाला ते पातळ पडते. संगणक असलेली गाडी हे स्वतः भरून काढते, जेटला ते जमत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींच्या एव्हरेजमध्ये ३ ते ४ टक्के घट अपेक्षित धरली होती. मेकॅनिकचे उत्तर जुन्याच शिक्षणातून आले आहे : प्लगचा रंग पाहा, पांढरट असेल तर निडलची क्लिप एक घर खाली घ्या किंवा मेन जेट एका मापाने वाढवा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा बहुतेक ठिकाणी इंजेक्शनने घेतली. टाकीत विजेचा पंप, दाबाखालचे पेट्रोल, संगणकाने उघडझाप करणारा इंजेक्टर. दोष दिवा लुकलुकून सांगतो आणि स्कॅनर त्याचा क्रमांक वाचतो. ज्या गाडीत कार्बोरेटर आहे ती आता बहुधा जुनी गाडी. ती घरात असेल तर चार गोष्टी कराव्यात. पेट्रोलची रबरी नळी आणि गास्केट इथेनॉलला टिकणारी घालून घ्यावीत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. रिझर्व्हवर रोजची ये-जा करू नये. आणि मूळ जेटचा क्रमांक गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवावा, कारण जेटवरचे आकडे झिजतात आणि कंपन्यांच्या जुन्या पुस्तिका आता सहज सापडत नाहीत.